माझ्या जांघेतला कोरोना

डॉक्टरांनी "कोरोना" हा शब्द उच्चारला आणि माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, खांद्यावरचा टॉवेल काढून तोंडाला बांधला. मग थोडा विचार करून त्यांनी खुर्ची माझ्यापासून वीतभर लांब सरकवली.

"तो कोरोना नाही हो काका," डॉक्टर म्हणाले. "हा वेगळा. कोरोना मॉर्टिस. एका रक्तवाहिनीचं नाव आहे हे. शीर म्हणा."

"मार्टीस म्हंजे?" मालकांनी टॉवेलाच्या आडून विचारलं.

डॉक्टरांनी तेव्हा काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेली असती, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण तरुण माणूस, खरं बोलायची सवय. "मॉर्टिस म्हणजे मृत्यूचा," ते म्हणाले. "आणि कोरोना म्हणजे मुकुट. मृत्यूचा मुकुट."

केबिनचं दार नीट लागत नव्हतं. बाहेरच्या बाकड्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई, कौसाबाई, बसल्या होत्या. आतलं सगळं त्यांना ऐकू आलं नाही. दोनच शब्द बाहेर गेले. कोरोना आणि मृत्यू.

मी शालन. बीड तालुक्यात चौसाळ्याला हायवेच्या कडेला आमचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकानात मी बसते, मालक टेम्पो चालवतात, आणि जत्रा आल्या की माल टेम्पोत भरून आम्ही तिघं जातो; मी, मालक आणि कौसाबाई. लिहिण्याची मला सवय नाही. पण हे वाचणाऱ्या बायांपैकी एखादीच्या जांघेत गाठ असेल आणि तिनं ती आजवर कुणाला सांगितली नसेल, तर तिच्यासाठी एवढं लिहिते आहे. बाकीच्यांनी हसायला वाचलं तरी चालेल. आम्हीही नंतर हसलोच.

गाठ पहिल्यांदा हाताला लागली ती अंघोळ करताना. उजव्या जांघेत, आवळ्याएवढी, मऊ. मला वाटलं अवधान आलं. पायात काटा रुतला, जखम चिघळली की जांघेत गाठ येते, तिला आमच्याकडं अवधान म्हणतात. मी पायात काटा शोधला. सापडला नाही. तरी हळद आणि चुना लावला. सकाळी उठले तर गाठ गायब. मला माझ्याच औषधाचा अभिमान वाटला. दुपारी दुकानात उभी राहिले तर गाठ परत हजर.

असं पुष्कळ दिवस चाललं. उभं राहिलं की यायची, आडवं झालं की जायची. मालकांना सांगितलं नाही. आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याला सांगायला काय झालं. पण आमच्याकडं "जांघ" हा शब्द बाईच्या तोंडात बसत नाही. ढोपर म्हणता येतं, पोट म्हणता येतं. त्या दोन्हींच्या मधे जे काही आहे, त्याला नाव घ्यायची पद्धत नाही.

नारायणगडाच्या जत्रेत मात्र गाठीनं स्वतःच तोंड उघडलं. बांगड्यांची लोखंडी ट्रंक टेम्पोतून उतरवत होतो. एक कडी माझ्या हातात, दुसरी कौसाबाईंच्या. उचलली आणि जांघेत असं काही तिडकलं की डोळ्यांपुढं अंधारी आली. तरी बसले. समोर एका मुलीचा हात धरलेला, अर्ध्या बांगड्या भरून झालेल्या. अर्धवट हात सोडायचा नसतो, म्हणून तेवढा डझन पुरा केला आणि मग ट्रंकेआड जाऊन उलटी केली. गाठ आता मऊ नव्हती, खडा झाली होती.

मालकांनी मला टेम्पोत आडवी केली. "काय झालं?" म्हणाले. मी म्हणाले, "पोट दुखतंय." तासाभरानं गाठ पुन्हा मऊ पडली, दुखणं ओसरलं. पण माझा चेहरा बघून मालक ऐकेनात. थेट चौसाळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं.

हे आमचे जुने डॉक्टर. मला टेबलावर झोपवून त्यांनी बेंबीजवळ दाबलं. "इथं दुखतं?"

"जरा खाली."

"इथं?"

"अजून जरा."

"इथं?"

"अजून."

डॉक्टरांनी हात काढून घेतला. "काकू, पोट इथं संपलं," ते म्हणाले.

मग त्यांनी नर्सबाईंना आत बोलावलं, आणि मी पदराचं टोक तोंडात धरून जी काय होती ती गाठ दाखवली. त्यांनी एकदाच बोट लावून मला खोकायला सांगितलं. मी खोकले. "हर्निया वाटतोय," ते म्हणाले. "उशीर करू नका. बीडला जा." त्यांनी एका सर्जनचं नाव दिलं, डॉक्टर किरण. नाव ऐकून मला फार हायसं वाटलं. किरण म्हणजे बाईच असणार.

किरण दारातून वाकून आत येणारा, दाढीवाला माणूस निघाला. पण परत फिरायला उशीर झाला होता. कौसाबाई सोबत आल्या होत्या आणि त्यांना मी पोटाचंच सांगितलं होतं. कौसाबाईंना खरं सांगायचं म्हणजे चौसाळ्याच्या बाजारात भोंगा लावायचा. म्हणून त्यांना बाहेर बसवलं.

डॉक्टरांनी नर्सला शेजारी उभं करूनच मला तपासलं. चेहऱ्यावर काही नाही. टेलर माप घेतो तसं. फीमोरल हर्निया, असं त्यांनी सांगितलं. पायाकडं जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी जांघेत एक अरुंद वाट असते. बायकांचं कमरेचं हाड रुंद, त्यामुळे आमच्यात हा प्रकार पुरुषांपेक्षा जास्त होतो. त्या वाटेतून पोटातली चरबी, कधी आतडं, बाहेर डोकावतं. वाट अरुंद, म्हणून अडकतं. अडकलेल्या आतड्याचं रक्त तुटलं की ते सडतं, आणि मग घाईघाईनं मोठं ऑपरेशन करावं लागतं. "जत्रेत ते थोडा वेळ अडकलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुमचं नशीब, सुटलं. पुढच्या वेळी सुटेलच असं नाही."

आधी सोनोग्राफी झाली. आत नेमकं काय अडकलंय ते स्पष्ट दिसेना, म्हणून सीटी स्कॅन. त्याआधी रक्ताची एक तपासणी करतात, मूत्रपिंडं ठीक आहेत का ते बघायला, कारण स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध टोचतात. ते टोचल्यावर अंगभर गरम लाट येते आणि आपल्याला कपड्यांत लघवी झाली असं वाटतं. झालेली नसते. हे मला आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून मी त्या यंत्रात लाजेनं अर्धी झाले. तुम्ही घाबरू नका.

आणि त्याच स्कॅनमध्ये ती शीर दिसली.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं, पण आम्हाला त्यात चंद्रावरचे खड्डे दिसत होते. मग त्यांनी कागद घेतला. पोटातून एक मोठी धमनी खाली येते. तिचे दोन फाटे, एकेका पायाकडं एकेक. त्या फाट्याचे पुन्हा दोन, आतला आणि बाहेरचा. मांडीच्या आतल्या बाजूला रक्त देणारी एक छोटी धमनी असते, ऑब्ट्युरेटर म्हणतात. ती बहुतेकांत आतल्या फाट्यावरून निघते आणि कमरेच्या हाडातल्या भोकातून मांडीत उतरते. माझी मात्र बाहेरच्या फाट्यावरून निघाली होती आणि जांघेच्या हाडाला पाठीमागून वळसा घालून, नेमकी हर्नियाच्या तोंडापाशी लोंबत खाली गेली होती.

मालकांनी कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग टॉवेल खाली घेऊन म्हणाले, "म्हंजे हिनं आकडा टाकलाय."

डॉक्टरांना कळेना. मालकांनी समजावलं, "डीपीवरनं रीतसर लाईन घ्यायची सोडून मोठ्या तारंवर आकडा टाकून करंट घेत्यात लोक. तसं हाय हे."

डॉक्टर एकदम खूश झाले. "अगदी तसंच आहे," म्हणाले. "फक्त हे बेकायदेशीर नाही. अशी जोडणी बऱ्याच लोकांत असते. कुणात बारीक शीर, कुणात एवढी मोठी धमनी. हा आजार नाही. ही ठेवण आहे. जन्मभर हिचा काही त्रास नसता. पण तिथं सुरी लावायची वेळ आली की मग ती महत्त्वाची."

पूर्वी अडकलेला हर्निया सोडवताना सर्जन त्या वाटेची घट्ट पडलेली कड अंदाजानं कापायचे. तिथं अशी धमनी असली आणि ती तुटली, तर तिचं टोक हाडाच्या भोकात आत सरकतं. मग ते हाती लागत नाही आणि रक्त थांबत नाही. म्हणून जुन्या डॉक्टरांनी तिला ते भीतीदायक नाव दिलं.

"मंग ऑपरेशन नगंच," मालक म्हणाले.

"नको करून चालणार नाही, काका. आतडं अडकलं तर हेच ऑपरेशन घाईत करावं लागेल. आत्ता मला ती कुठं आहे ते माहीत आहे. दुर्बिणीतून करू. शीर डोळ्यांसमोर दिसेल. जाळी बसवताना तिच्या जवळ हात नेणार नाही. रक्ताची पिशवी राखून ठेवू. आणि तुम्ही घाबरलात तरी चालेल, फक्त तारीख चुकवू नका."

बाहेर आलो तर बाकडं रिकामं. कौसाबाई टेम्पोच्या मागच्या हौद्यात, खोक्यांच्या मधे, पदर नाकावर घट्ट धरून बसल्या होत्या. मालक म्हणाले, "वहिनी, पुढं बसा की."

"मी हितंच बरी हाय," त्या म्हणाल्या. डोळे भरून आलेले. "मला सगळं कळलंय भाऊजी. तुमी काय बोलू नका."

आम्ही खरंच काही बोललो नाही. बोलायचं तर जांघेपासून सुरुवात करावी लागली असती. मला वाटलं, बाई थकल्या असतील. त्या वाटभर फोनवर होत्या हे आम्हाला पुढं बसून कसं कळणार.

चौसाळ्यात टेम्पो थांबला तेव्हा शेजारच्या चहावाल्यानं आपलं बाकडं दुकानाच्या पलीकडच्या टोकाला नेलेलं दिसलं. मी विचार केला, ऊन आलं असेल. दुपारी एक नेहमीची बाई आली, पायरीखाली उभी राहिली आणि हात लांब करून म्हणाली, "काकू, लांबनंच भरा." लांबून बांगड्या भरता येत नाहीत. मी पुढं सरकले तशी ती मागं सरकली. अशा आम्ही दोघी हायवेच्या कडेपर्यंत गेलो.

संध्याकाळी आष्टीहून माझ्या लेकीचा, मनीषाचा, फोन आला. ती रडत होती. तिच्या सासूला कुणीतरी सांगितलं होतं की चौसाळ्यात नवीन कोरोना आलाय, तो पोटात होतो, आणि पहिली तुझी विहीणच सापडलीय. मी म्हणाले, तसं काही नाही. "मग काय हाय?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "ठेवण आहे." लेक जास्तच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या आशाताई आल्या. गावची तब्येत सांभाळणारी ही बाई, तिचंही चुकलं नाही. गावभर बोंब झाली तर तिला यावंच लागणार. मास्क घालून, हातमोजे घालून दारात उभी. "काकू, नाक वर करा," म्हणाली. मी नाक वर केलं. तिनं काडी अशी आत घातली की जत्रेतलं दुखणं बरं वाटलं. निकाल निगेटिव्ह आला.

कौसाबाई रस्त्याच्या पलीकडून बघत होत्या. "निगेटिव्ह आलं म्हंजे वाईटच की," त्या तिथून म्हणाल्या.

"न्हाई वहिनी," मालक म्हणाले, "निगेटिव्ह चांगलं असतंय."

"मग डॉक्टर मरण कावून म्हनला? मी माझ्या कानानं ऐकलंय."

आशाताईही माझ्याकडं बघू लागल्या. एव्हाना सात-आठ बाया अंतर राखून जमल्या होत्या. गिऱ्हाईक तुटलं होतं, लेक रडत होती, आणि ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला जे दोघं पुतणे तयार होते ते कालपासून फोन उचलत नव्हते. या सगळ्यावर औषध एकच होतं आणि ते माझ्याच तोंडात होतं. मी बसले, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मला जांघेत गाठ आहे."

मालक उठले आणि टेम्पोच्या चाकातली हवा बघायला निघून गेले.

एकदा तो शब्द बाहेर पडल्यावर बाकीचं सोपं गेलं. हर्निया सांगितला, शीर सांगितली. कागद नव्हता, म्हणून बांगड्यांवरून सांगितलं. इतकी वर्षं मी हात धरते आहे. दोन बायांचे हात सारखे नसतात. एकाच बाईचे दोन हात सारखे नसतात. उजव्यात सव्वादोनची बांगडी अडते तिथं डाव्यात सैल होते. कुणाचा अंगठा मुळापासून वाकतो, कुणाचं हाड वर आलेलं असतं. मी प्रत्येकीचा हात आधी चाचपते आणि मगच बांगडी चढवते, नाहीतर काच फुटून रक्त येतं. वरून हात इतके वेगळे, तर आतल्या शिरा एका साच्यातल्या कशा असतील? डॉक्टर आधी चाचपून घेतोय एवढंच. आणि कोरोना हे त्या शिरेचं नाव आहे, मी ठेवलेलं नाही.

बाया हळूहळू जवळ आल्या. एकीनं विचारलं, झोपल्यावर जाते का. दुसरीनं विचारलं, ऑपरेशन पुरुष डॉक्टर करतो का. आशाताईंनी मास्क काढला आणि पायरीवर बसल्या. फक्त कौसाबाई एक शब्द न बोलता उठल्या आणि घराकडं निघून गेल्या. मला वाटलं, जावेपासून लपवलं म्हणून रागावल्या.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र त्या आल्या. बोलत नव्हत्या, पण आल्या.

नर्सनं सांगितलं, बांगड्या काढा. हातभर हिरवा चुडा होता. फोडायचा म्हणजे मला पोरगं मारल्यासारखं वाटतं. मी एक प्लास्टिकची पिशवी मागून घेतली, हातात घातली आणि त्यावरून एकेक बांगडी सरकवून काढली, एकही न फुटता. कौसाबाईंना मोकळे हात बघवेनात. त्या नर्सला म्हणाल्या, "निदान दोरा तरी बांधा." नर्सकडं दोरा नव्हता. तिनं बँडेजच्या दोन पट्ट्या कापल्या आणि माझ्या मनगटांना बांधल्या. अशी मी पांढऱ्या पट्ट्यांचा चुडा भरून आत गेले.

पुढचं मला आठवत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता. मी "बांग" एवढंच म्हणाले.

बाहेरचं मालकांनी नंतर सांगितलं. डॉक्टरांनी जेवढा वेळ सांगितला होता त्याहून कितीतरी जास्त लागला. मग एक नर्स दारात येऊन म्हणाली, शालनबाईंची रक्ताची पिशवी आणून ठेवा. मालकांनी पुढचं ऐकलंच नाही. ते पळत सुटले. रक्तपेढीच्या खिडकीवर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एका पायात आपली चप्पल आहे आणि दुसऱ्या पायात कौसाबाईंची. रक्तपेढीतला माणूस म्हणाला, काका, बसा जरा. मालक म्हणाले, बसायचं न्हाई, बायकोच्या शिरंवर आकडा हाय. त्या माणसानं त्यांनाच पाणी दिलं.

रक्त लागलं नाही. आत चरबीचा एक तुकडा घट्ट अडकून बसला होता आणि तो सोडवायला कड थोडी कापावी लागणार होती, म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त हाताशी मागवलं. मग धमनी पूर्ण मोकळी करून बघितली आणि ती ज्या बाजूला नव्हती त्या बाजूनं कापलं. घाई केली नाही, म्हणून वेळ लागला. जाळी बसवली, शिरेला धक्का लावला नाही.

नंतर त्यांनी मालकांना आतलं चित्रण दाखवलं. पडद्यावर काहीतरी गुलाबी, ओलं, आणि त्यात एक दोरी टुकटुक उडतेय.

"हीच का ती?" मालकांनी विचारलं.

"हीच."

मालकांनी तिला हात जोडले. मला शुद्ध आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तुझी लाईन बघून आलो." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते माझ्याबद्दल इतक्या आदरानं कधी बोलले नव्हते.

आता पुढचं, ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांच्यासाठी. ऑपरेशन जांघेचं आणि दुखतो खांदा. मी नर्सला म्हणाले, कुणीतरी माझा खांदा ओढला. ती म्हणाली, दुर्बिणीसाठी पोटात हवा भरतात, तिच्यामुळं खांद्यात कळ येते, जाईल. गेली. दुसरं म्हणजे, ऑपरेशननंतर सगळं हॉस्पिटल तुम्हाला एकच प्रश्न विचारतं, "गॅस पास झाला का?" डॉक्टर विचारतात, नर्स विचारते, झाडणारी मावशी विचारते. आयुष्यभर जी गोष्ट आपण चारचौघांत दाबून ठेवली, तिची सगळे वाट बघत बसतात. झाला तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईनं माझं अभिनंदन केलं. आतडी कामाला लागली याची ती खूण असते, म्हणून लाजू नका. आणि तिसरं, घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ही शीर आता तुमच्या ओळखीची झाली. पुढं कधी जांघेचं, कमरेच्या हाडाचं, पोटाच्या खालचं काही ऑपरेशन निघालं तर आधी हिचं नाव सांगायचं. फाईल जपून ठेवा." आणि ओझं उचलायचं नाही, हे तर प्रत्येकानं दोनदोनदा सांगितलं.

घरी आल्यावर कौसाबाई रोज प्यायला गरम हुलग्याचं माडगं घेऊन यायच्या. बसायच्या. मी रिकामी वाटी परत दिली तरी बसायच्या. ज्या बाईला तोंड मिटून चौसाळ्याचा एक चौक ओलांडता आला नाही, ती भिंतीकडं बघत बसलेली. एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो.

"शालन," त्या म्हणाल्या, "तुझी ती गाठ झोपल्यावर जायची म्हनलीस ना?"

"हो."

त्यांनी पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "माझीबी जाती," त्या म्हणाल्या.

किती दिवसांपासून, मी विचारलं. त्यांनी हिशोब नातवाच्या वयावरून सांगितला, आणि नातू शाळेत जातो. जत्रेत ट्रंकेची दुसरी कडी धरताना ती गाठ त्यांच्याही जांघेत होती. गावातल्या प्रत्येकाच्या सर्दीची बातमी या बाईनं गावाला दिली, आणि स्वतःचं एवढं मोठं दुखणं कुणाच्या कानावर जाऊ दिलं नाही.

"चला बीडला," मी म्हणाले.

"त्या दवाखान्यात बाई डॉक्टर असती का?"

मी हो म्हणाले. केबिनमध्ये तीच दाढी बघितल्यावर त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की तो वळ बरेच दिवस होता. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे. कौसाबाईंचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. तपासणी झाली, सगळं ठरलं, आणि निघता निघता त्यांना वाचा फुटली.

"सायब, ती मरणाची शीर माझ्यातबी असंल का?"

"असू शकते," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक वेळी ती आहे असं धरूनच मी हात घालतो. नसली तर आनंद."

कौसाबाईंचं ऑपरेशन माझ्यापेक्षा लवकर आटोपलं. वॉर्डात डॉक्टर आले आणि म्हणाले, "मावशी, सगळं छान. तुमची धमनी अगदी जिथं असायला पाहिजे तिथंच होती."

कौसाबाईंनी उशीवरून मान वर केली. "म्हंजे माझ्यात कायच न्हाई निघालं?"

"काहीच नाही."

"नीट बघितलं का?"

डॉक्टरांनी नीट बघितल्याचं शपथेवर सांगितलं. तरी त्या दिवसभर जराशा उतरलेल्या होत्या.

त्या डॉक्टरांचे आम्ही दोघी जावा उपकार मानतो. ऑपरेशन केलं म्हणून तर आहेच, पण कापायच्या आधी थांबून बघितलं म्हणून जास्त. त्या शिरेचाही मला राग नाही. ती बिचारी तिच्या वाटेनं जात होती.

संक्रांतीच्या आधी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मी गादीवर बसून हात भरत होते, कौसाबाई स्टुलावर बसून बायांना आपलं ऑपरेशन सांगत होत्या. त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे हायवेवरच्या ट्रकलाही ऐकू जाईल अशा. "जांघेत," त्या म्हणत होत्या, "हितं, उजवीकडं."

एका म्हातारीनं त्यांना दटावलं. "हळू बोल की बाई. भायेर माणसं उभी हायेत."

"असू दे," कौसाबाई म्हणाल्या. "त्यांना काय जांघ नसती का?"

सगळ्या हसल्या. माझ्या हातात ज्या बाईचा हात होता, ती मात्र हसली नाही. ऊसतोडीवरून सणापुरती आलेली, हाताला घट्टे पडलेली बाई. मी बांगडी अंगठ्याच्या हाडावरून अलगद पार केली तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली आणि विचारलं, "काकू, तुमचे ते डॉक्टर कुठं बसत्यात?"

मी उरलेल्या बांगड्या बाजूला ठेवल्या आणि मालकांना उद्या सकाळी टेम्पो मोकळा ठेवायला सांगितलं.